झराईच्या हातातली पोळी

आधी घोटभर पाणी प्या, मग हसा. पायऱ्या चढून वर आलेला प्रत्येक पाव्हणा ही मूर्ती बघून हसतो, त्याचं आम्हाला काही वाटत नाही. फक्त त्या हातातल्या वस्तूला चक्र म्हणू नका. मागं एक शिकलेले गृहस्थ आले होते, त्यांनी वहीत 'चक्र' लिहिलं आणि खाली 'अपूर्ण' असं लिहिलं. अपूर्ण कसलं? नीट बघा, कडेला जरा करपल्यासारखी खूण आहे की नाही? ती पोळी आहे. पुरणाची. देवी झराई राक्षसाच्या छाताडाशी उभी आहे, राक्षस उताणा पडलाय, त्याचं पोट हे असं वर आलंय, आणि देवीनं त्याच्यावर पोळी उगारली आहे. दुसऱ्या गावच्या देव्यांकडे भाले असतात, त्रिशूळ असतात. आमच्या धामणखिंडीच्या देवीनं राक्षस मारला तो जेवू घालून. हे पोथीत नाही, ठाऊक आहे आम्हाला. पोथी लिहिणारा आमच्या गावात जेवला नव्हता.

आता बसा त्या कट्ट्यावर आणि ऐका.

फार वर्षांमागची गोष्ट, असे सांगतात. तेव्हा ही मूर्ती नव्हती, नुसता तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला बिनघडीचा दगड होता, आणि हा खालचा झरा होता. गावाचं सगळं पाणी या एका झऱ्याचं. चैत्र सरला की त्याची धार करंगळीएवढी व्हायची, आणि मग गावात म्हणत, शोषासुर येऊन झऱ्याच्या तोंडाशी बसलाय, आतल्या आत पाणी ओढतोय. त्याला मारायचं तर वैशाखी पुनवेला सोंगं नाचवायची. एकानं देवीचा मुखवटा बांधायचा, एकानं शोष्याचा. ढोल वाजायचा, दोघं समोरासमोर नाचायची, आणि सूर्य त्या समोरच्या सुळक्याआड जायच्या आत देवीनं लाकडी तलवार लावायची की शोष्यानं धुळीत पडायचं. पडला की झरा वाचला. सूर्य आधी गेला आणि शोष्या उभाच राहिला, तर झरा आटला. आमची सोंगं म्हणूनच दिवसाउजेडी होतात.

या सोंगांचे दंडक मोठे कडक होते. मुखवटा एकदा डोक्याला बांधला की शोष्या पडल्याशिवाय सोडायचा नाही, ना देवीचा ना राक्षसाचा. देवीच्या मुखवट्याआडून एक शब्द बोलायचा नाही. आणि तिसरा दंडक सगळ्यांत वाईट. शोष्या पडला की तो मेला असं धरायचे, आणि ज्याच्या डोक्यावर तो मुखवटा असेल त्याच्या बायकोनं कपाळाचं कुंकू पुसायचं. म्हणून गावातल्या लग्न झालेल्या माणसानं शोष्याचा मुखवटा चढवायचाच नाही, असं ठरलेलं. बुधा नावाचा एक सडाफटिंग गडी होता, तो दरवर्षी शोष्या व्हायचा आणि दरवर्षी मोठ्या हौसेनं मरायचा.

देवीचा मुखवटा बांधायचा तो हैबती. हैबती म्हणजे बुटका, गप्प, हाडापेरानं चिवट माणूस. लग्नाला दहा वर्षं झाली तरी त्याच्या घरी पाळणा हलेना. तेव्हा तो झराईला नवस बोलला होता, "एक लेकरू जगू दे. हातात बळ आहे तोवर तुझा मुखवटा वाहीन, आणि त्याखाली तोंडातून चकार शब्द काढणार नाही." वर्षाच्या आत मुलगी झाली. तिचं नाव सगुणा. हैबतीचा सगळा जीव त्या पोरीत. तिला शिंक आली तर हा झऱ्यावर जाऊन देवीला विचारायचा, काय चुकलं म्हणून.

त्या साली सगुणेचं लग्न होऊन तीनच महिने झाले होते. जावई घाटाखालच्या मोरखण्याचा, नाव राणबा. अंगानं दांडगा, मान बैलासारखी, आणि मनानं चांगला. पण नवा जावई. नवा जावई म्हणजे काय चीज असते ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या जत्रेचं आवतण गेलं होतं, त्याप्रमाणे लेक-जावई आदल्या दिवशीच आले. हैबतीनं स्वतःच्या हातानं जावयाचे पाय धुतले. लाल काठाचं नवं धोतर दिलं, पटका दिला, करकर वाजणाऱ्या नव्या वहाणा दिल्या. राणबा सकाळपासून उगाच इकडून तिकडे चालत होता, वहाणा वाजाव्यात म्हणून.

आणि नेमकं त्याच सकाळी बुधाला मध खायची लहर आली. कड्यावरचं आग्या मोहोळ त्यानं खालून धूर न करताच हलवलं, म्हणे. दुपारी त्याला घेऊन आले तेव्हा त्याचं तोंड मुखवट्यापेक्षा भयंकर दिसत होतं. डोळे गायब, ओठ लोंबलेले. काही जण म्हणाले, मुखवटा कशाला, असाच नाचू द्या. पण मुखवट्याशिवाय सोंग नाही, आणि मुखवटा त्या सुजलेल्या तोंडावर बसेना. बुधा आतून "मी करतो, मी करतो" असं काहीतरी म्हणत होता, पण ते कोणाला समजलं नाही.

मुखवटे सांभाळणारा कान्हू भगत डोक्याला हात लावून बसला. शोष्याचा मुखवटा पांगाऱ्याच्या लाकडाचा, भला थोरला, खालचा जबडा हलता. तो पेलायला तशी मान पाहिजे. गावात तशी मान असलेले सगळे लग्न झालेले. इतक्यात राणबा करकरत समोरून गेला.

कान्हू भगतानं त्याची मान पाहिली आणि त्याचं तोंड उजळलं. भगत म्हणजे दंडकाचा पक्का माणूस. त्यानं मनातल्या मनात हिशेब मांडला. दंडक काय? गावातल्या लग्न झालेल्या माणसानं मुखवटा चढवायचा नाही. हा गावातला आहे का? नाही, मोरखण्याचा आहे. मग झालं तर! आपण किती हुशार, या आनंदात, त्याची बायको याच गावची लेक आहे, हे काही म्हाताऱ्याच्या डोक्यात शिरलं नाही.

"जावईबापू, नाचता का?" त्यानं विचारलं.

राणबाला काय, मानाचं बोलावणं हवंच होतं. "न्हाय म्हनायला मी काय आजारी हाय?" म्हणाला, आणि मान पुढं केली. भगतानं सात गाठी मारून मुखवटा बांधला.

तिकडे हैबती देवळात केव्हाच देवी होऊन बसला होता. त्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याची बायको ठकूबाई घरी चुलीपुढं, जावयासाठी पुरणपोळ्या लाटत. सगुणा तिच्या हाताखाली. ढोल वाजला तशा दोघी हात पुसत देवळापुढच्या पारावर आल्या, आणि समोर शोष्या नाचताना दिसला. काय नाचत होता! धूळ उडवत, जबडा आपटत, गरगर फिरत. बायका म्हणाल्या, बुधाला मध मानवला बरं का.

सगुणेनं फक्त पायांकडे पाहिलं. लाल काठाचं धोतर. आणि ढोलाच्या दोन ठोक्यांमध्ये येणारी ती करकर.

देवी देवळातून बाहेर आली होती, तलवार उपसली होती. पोरीनं तोंड उघडलं, आणि तिथंच अडली. कारण सांगणार काय? बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही! "बाबा, ते… हे आहेत!" ती ओरडली. ढोलात कुणाला कळणार, हे म्हणजे कोण? "बाबा, आमचे… घरचे… हे हो!" लोक म्हणाले, पोरीला वारं आलं वाटतं, जागा द्या जरा. हैबती दोन पावलं पुढं आला, तलवार वर गेली.

नाव घ्यायची एकच रीत पोरीला ठाऊक होती. तिनं पदर डोक्यावर घेतला, ढोलाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि जिवाच्या आकांतानं उखाणा घेतला,

"पांगाऱ्याच्या झाडाला फुलं लालेलाल,
शोष्याच्या मुखवट्याआड राणबारावांचे गाल!"

ढोल थांबला. सवयीनं दोन म्हाताऱ्यांनी "वा, वा" सुद्धा केलं, आणि मग त्या दोघींचाही पदर तोंडावर गेला.

हैबतीची तलवार वर होती ती वरच राहिली. मुखवट्याच्या भोकांतून त्यानं बघितलं. ते धोतर त्यानंच बाजारातून आणलं होतं. कालच याच हातांनी ते पाय धुतले होते. आता या हातानं तलवार लावली तर राक्षस पडणार, झरा वाचणार, आणि आपल्याच लेकीचं कुंकू आपणच पुसायला लावणार. ज्या देवीनं लेक दिली तिचाच मुखवटा डोक्यावर घालून. आणि नाही लावली, तर तिकडे सूर्य सुळक्यापासून दोन हातांवर आला होता, गावातली लेकरं आठ दिवसांनी काय पिणार? तोंडानं बोलायची सोय नाही. मुखवट्याआड माणूस रडत होता, असे सांगतात. बाहेरून देवी नेहमीसारखी हसरीच दिसत होती.

मग गाव बोलू लागलं. आमचं गाव बोलायला लागलं की काय विचारता!

"हळूच लावा हो, नुसती टेकवल्यासारखी," एक जण म्हणाला.

"हळू लावली तरी मेला तो मेलाच," कान्हू भगत म्हणाला. त्याचं तोंड एवढंएवढंसं झालं होतं.

"जावयाला मारायचं? गावच्या जावयाला? घाटाखाली तोंड कुठं दाखवायचं? उद्या आपल्या पोरी करील का कोण?"

"तासाभरापुरती काडीमोड करा की! सूर्य बुडाला का पुन्हा लगीन लावू."

या शेवटच्यावर सगुणेनं असं काही बघितलं की तो गडी गर्दीत मागं सरकत सरकत थेट घरी गेला.

या सगळ्या गोंधळात राणबाला मुखवट्याआड हळूहळू उमगलं की आपल्याला मरायचं आहे. आणि तेही धुळीत पडून. ही गोष्ट त्याला कोणी आधी सांगितलीच नव्हती. त्याला वाटलं होतं नाचायचं, नारळ घ्यायचा, घरी यायचं. तो पाय आपटून म्हणाला, "म्या धुळीत पडनार न्हाय! धोतर नवं हाय, आहेराचं! पहिल्या जत्रेला बोलवून मारता व्हय मला?" आणि त्या एवढ्या थोरल्या राक्षसानं पाराच्या मधोमध फतकल मारली आणि तोंड फिरवून बसला.

जावई रुसला! आता झाली का पंचाईत? राक्षस असता तर गावानं धरून पाडला असता. रुसलेल्या जावयाला हात कोण लावणार? सूर्य सुळक्याला टेकायला आला. हैबतीचा वर धरलेला हात खाली येईना. सगुणा कपाळावर तळहात झाकून उभी होती. कुंकू कोणी बळंच पुसेल या भीतीनं तिनं तो हात काढलाच नाही.

आता ठकूबाई. दंडक, नवस, सुळका, झरा, हे तिनं सगळं ऐकलं, पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुसून बसली होती. सकाळपासून आधी वहाणांच्या, मग सोंगाच्या नादात जावई जेवलेला नाही. पहिल्या जत्रेला आलेला जावई, सासूच्या दारात, उन्हं कलेपर्यंत उपाशी! ती घरी गेली आणि आली ती डोक्यावर पोळ्यांची टोपली, हातात तुपाची बुधली आणि तांब्या घेऊन. लोक बाजूला झाले.

ती शोष्यासमोर बसली. "जावईबापू, हात धुवा."

"मला न्हाय जेवायचं," जबडा हलला.

"असं कसं? पोरीच्या बाबानं तलवार उगारली तर उगारली, पोळ्यांनी काय घोडं मारलंय? एक घास. माझ्या गळ्याची आन हाय."

सासूनं गळ्याची शपथ घातली तर जावई काय करणार? मुखवट्याचा खालचा जबडा त्यानं जरा उघडला. ठकूबाईनं पोळीचा घास तुपात बुडवून दातांमधून आत सरकवला. आतून चावल्याचा आवाज आला. मग जबडा पुन्हा उघडला, या वेळी जरा जास्त.

"आणखी एक. एकीवर उठायचं नसतं."

दुसरी गेली. तिसरी गेली. "चौथी सगुणेनं लाटलीय, तिला वाईट वाटंल." चौथी गेली. "ही तुमच्या आईच्या नावाची." ती गेली. गावातल्या बायकांना काय सुचलं देव जाणे, त्या घरोघर पळाल्या आणि आपापल्या टोपल्या घेऊन आल्या. जावई गावाचा होता ना! पाटलीणबाईची एक, सुतारणीची एक, बुधाच्या म्हातारीची एक. एकीची खाल्ली आणि दुसरीची नाही म्हटलं तर ती उभ्या जन्मात बोलणार नाही. मुखवट्यातून "पुरे, पुरे" येत होतं, पण जावयाचं 'पुरे' खरं धरायची आमच्याकडे पद्धत नाही. तो मागं सरकला, बायका पुढं सरकल्या. किती खाल्ल्या? काही जण एकोणीस म्हणतात, वरच्या आळीवाले तेवीस सांगतात, यावरून आजही जत्रेत दोन आळ्यांची तोंडं फिरतात.

सूर्याची खालची कड सुळक्याआड गेली. ठकूबाईनं शेवटची पोळी उचलली. "एवढी झाली की झालं, बापू."

राणबानं ती गिळली. पोटावर हात ठेवला. मुखवट्यातून एक ढेकर निघाली, ती म्हणे झऱ्यापर्यंत ऐकू गेली. आणि मग, कोणी हात लावला नाही, तलवार लागली नाही, तो आपला आपणच मागच्या मागं आडवा झाला. ज्वारीचं पोतं कलंडावं तसा.

"पडला!" कान्हू भगत किंचाळला. "शोष्या पडला! सूर्य हाय अजून!"

ढोल वाजला, गुलाल उडाला. आणि त्यातच कोणीतरी दंडकवाला बोललाच, "पडला म्हंजी मेला. पोरीनं कुंकू…"

ढोल पुन्हा थांबला. सगुणेचा हात कपाळावर आणखी घट्ट बसला. कान्हू भगत गुडघे टेकून खाली वाकला, मुखवट्याशी कान नेला. बराच वेळ ऐकत राहिला. मग उठला आणि गावाकडे बघून म्हणाला, "घोरतोय. मेलेला मानूस घोरत न्हाय. कुंकू ऱ्हाऊ द्या." चूक त्यानं केली होती, ती त्यानं अशी निस्तरली.

सगळं गाव राणबाभोवती जमलं. कोणी वारा घालतंय, कोणी मुखवट्याच्या गाठी सोडतंय, कोणी ओव्याचं पाणी आणायला धावतंय. ठकूबाई दृष्ट काढतेय. देवीकडे कुणाचं लक्ष नाही. हैबतीनं अवघडलेला हात हळूहळू खाली आणला, तलवार तांदळ्यापाशी ठेवली, आपला शेला जावयाच्या अंगावर घातला. मग मुखवटा उतरवला. आता तो बोलायला मोकळा होता. गावाला वाटलं, हैबती देवीचे आभार मानेल, नाहीतर भगताच्या कानाखाली वाजवेल.

तो सरळ लेकीकडे गेला. ती अजून तशीच उभी होती, कपाळावर हात धरून, एकटी. पहाटेपासून चुलीपुढं बसली होती, साऱ्या गावानं तिच्या नवऱ्याला भरवलं होतं, आणि तिच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता. हैबतीनं तिचा हात कपाळावरून अलगद काढला. कुंकू जागच्या जागी होतं, फक्त घामानं जरा पसरलेलं. त्यानं विचारलं,

"जेवलीस का गं पोरी?"

तेव्हा ती रडली. दिवसभराचं सगळं तेव्हा रडली. टोपलीत एकच पोळी उरली होती, कडेला करपलेली, जावयाला वाढण्याजोगी नव्हती म्हणून मागं ठेवलेली. बापानं ती तिथंच बसून तिला आपल्या हातानं भरवली.

त्या साली झऱ्याची धार तुटली नाही, असे सांगतात. खरंखोटं झराईला ठाऊक. आमचे म्हातारे मात्र म्हणत, शोष्या एवढं पाणी का ओढत होता, तर पोटात अन्न नव्हतं म्हणून. इतक्या पिढ्या त्याला मारत आलो, जेवलास का म्हणून एकानं तरी विचारलं होतं का?

पुढं मूर्ती करायची ठरली तेव्हा वरच्या देशातून एक पाथरवट आणला. त्यानं देवीच्या हातात भाला कोरायला घेतला. गाव म्हणालं, भाला नको, पोळी पाहिजे. तो म्हणाला, "असं कुठं असतंय का? सात देव्या घडवल्या, एकीच्या हातात पोळी न्हाय." गावानं वाद घातला नाही. त्याला जेवायला बसवलं. चौथ्या दिवशी त्यानं स्वतः होऊन विचारलं, पोळी केवढी करू? तुम्ही शहरात म्हणता ना, कलाकार आपल्या मनातलं घडवतो. घडवत असेल. आमच्याकडे ते मनापर्यंत पोटातून गेलं.

आजही वैशाखी पुनवेला इथं सोंगं होतात. शोष्याचा मुखवटा आता दरसाल गावाच्या सगळ्यांत नव्या जावयाच्या डोक्यावर चढतो, आणि गावच्या बायका त्याला पडेपर्यंत भरवतात. मुखवटा आत टांगलाय, जाऊन बघा. तोंडभर रंग आहे, पण खालच्या दातांवर रंग टिकत नाही, एवढं तूप मुरलंय त्या लाकडात.

आणि आजही, शोष्या पडला, ढोल वाजला, सगळं गाव त्याच्याकडे धावलं, की देवीचं सोंग घेतलेला माणूस मुखवटा उतरवतो आणि गर्दीला पाठ करून त्या जावयाच्या बायकोकडे, गावच्या लेकीकडे जातो. दिवसभर मिटलेलं तोंड तो पहिल्यांदा उघडतो ते एवढंच विचारायला, "जेवलीस का गं पोरी?" मागं वळून त्या मूर्तीकडे पुन्हा एकदा नीट बघा. राक्षस उताणा पडलाय खालती, पण देवीची नजर त्याच्याकडे नाहीच. ती पोळी राक्षसावर उगारली आहे, असं मघाशी तुम्हाला मीच सांगितलं. सगळ्यांना तसंच सांगतो आधी. ती पोळी त्याच्यासाठी नाही. कडेला करपलेली आहे बघा.